एक गिटार, सहा तारा : जॉन फेही

जन्म : २८ फेब्रुवारी १९३९, वॉशिंग्टन डी.सी.; बालपण मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कमध्ये

निधन : २२ फेब्रुवारी २००१, सेलम, ऑरेगन

वादनशैली : स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं वरच्या तारांवर धून खेळवतात. बहुतेकदा गायक नाही, साथीदारही नाही. या शैलीला ‘अमेरिकन प्रिमिटिव्ह’ हे नाव पडलं.

पहिली रेकॉर्ड : १९५९, फक्त १०० प्रती. एका बाजूला स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला ‘ब्लाइंड जो डेथ’ या काल्पनिक ब्लूज वादकाचं!

कंपनी : गावाच्या नावावरून ‘टाकोमा रेकॉर्ड्स’. गिटारवादक लिओ कॉट्केची १९६९ची गाजलेली रेकॉर्ड इथलीच.

शोधमोहीम : विस्मृतीत गेलेले ब्लूज कलावंत बुका व्हाइट (१९६३) आणि स्किप जेम्स (१९६४) यांना मित्रांसोबत शोधून काढलं.

अभ्यास : लोकसाहित्यात एम.ए.; ब्लूज कलावंत चार्ली पॅटनवरचा प्रबंध १९७० मध्ये पुस्तकरूपात.

सर्वाधिक खप : नाताळगीतांच्या धुनांची ‘द न्यू पॉसिबिलिटी’ (१९६८).