द्रवस्फटिक इलॅस्टोमर आणि रेषांतर बदलणारी विवर्तन ग्रेटिंग

पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत ग्रेटिंगवर 'एका इंचात १५,००० रेषा' असे छापलेले असते. विद्यार्थी त्यावरून दोन लगतच्या रेषांमधील अंतर काढतो, ते साधारण १.७ मायक्रोमीटर येते, आणि कोन मोजून सोडियम प्रकाशाची तरंगलांबी ठरवतो. सूत्र परिचित आहे : रेषांतर गुणिले विवर्तन कोनाची साइन बरोबर क्रम गुणिले तरंगलांबी. हे रेषांतर कायम राहील असे मात्र सूत्र कोठेही सांगत नाही. तो काचेचा गुणधर्म आहे. रेषा आक्रसणाऱ्या पदार्थावर असतील तर तेच सूत्र उलट बाजूने वाचता येते. तरंगलांबी तीच ठेवून कोन हवा तसा फिरवता येतो.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. द्रवस्फटिकांच्या नियंत्रित ग्रेटिंग पूर्वीपासून आहेत. त्यांत काचेवरील विद्युत्‌अग्रांच्या पट्ट्यांना व्होल्टेज दिले की द्रवस्फटिकाचा अपवर्तनांक बदलतो. पट्ट्यांमधील अंतर तेच राहत असल्याने कोन बदलत नाही, विवर्तित प्रकाशाची तीव्रता बदलते. द्रवस्फटिक इलॅस्टोमरमध्ये मुख्यतः रेषांतर बदलते. दोन्हींना 'ट्यूनेबल' हाच शब्द लावला जातो, आणि वाचक गोंधळतो.

इलॅस्टोमर म्हणजे रबरासारखा पदार्थ : लांब बहुवारिक साखळ्या आणि त्यांना जागोजागी जोडणारे आडवे बंध. या साखळ्यांना द्रवस्फटिकाचे काठीसारखे रेणू जोडले की नेमॅटिक अवस्थेत त्या काठ्या एका दिशेने ओळीत लागतात व साखळीची गुंडाळीही त्या दिशेने लांबट होते. पदार्थ तापवला की ओळ मोडते, गुंडाळी पुन्हा गोलसर होते आणि संपूर्ण तुकडा त्या दिशेने आखूड होतो. बंध असल्यामुळे तो वाहून जात नाही. थंड होताच पूर्ववत लांब होतो. ताणलेले साधे रबरही तापवल्यावर आक्रसते हे शिक्षकांना ठाऊक आहेच, पण त्याला बाहेरून ताण द्यावा लागतो. येथे ताण रेणूंच्या रचनेतच असतो.

अशा जाळ्यांचा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७५ मध्ये मांडला. हाइनो फिंकेलमान यांनी १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह असे पदार्थ प्रत्यक्ष बनवले. प्रकाशीय उपयोगासाठी खरी अडचण पुढेच होती. ओळ सर्वत्र एका दिशेची नसेल तर नमुना दुधासारखा पांढुरका दिसतो व प्रकाश विखुरतो. क्युप्फर व फिंकेलमान यांनी १९९१ मध्ये अर्धवट जोडलेली जाळी ताणून धरली आणि उरलेले बंध त्या स्थितीत पूर्ण केले. एकसंध, पारदर्शक नमुना त्यातून मिळाला.

परिणाम किती मोठा असतो हे हिशेबाने पाहावे. रेषांतर १.६ मायक्रोमीटर असून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर लंबरूप पडतो, तर पहिला क्रम १९.४ अंशांवर येतो. ओळीच्या दिशेने पट्टी २० टक्के आखडली व रेषा त्या दिशेला काटकोनात असल्या तर रेषांतर १.२८ मायक्रोमीटर होते आणि कोन २४.६ अंश. एक मीटर अंतरावरील पडद्यावर ठिपका ३५ सेंटिमीटरवरून सुमारे ४६ सेंटिमीटरवर जातो. हा फरक मोजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, मोजपट्टी पुरते. आता रेषा ओळीला समांतर असल्या तर? पदार्थाचे आकारमान जवळपास कायम राहते, म्हणून एका दिशेने २० टक्के आकुंचन झाले की आडव्या दिशांनी सुमारे १२ टक्के प्रसरण होते. रेषांतर वाढते, कोन १७.३ अंशांवर उतरतो. एकाच पदार्थावर, एकाच तापमानबदलाने, रेषा कशा काढल्या यावरून ठिपका बाहेर किंवा आत सरकतो.

उष्णतेऐवजी प्रकाशही चालतो. अ‍ॅझोबेंझिनचा सरळ रेणू अतिनील किरणांनी वाकतो आणि वाकलेला रेणू आसपासची ओळ बिघडवतो. फिंकेलमान, वॉर्नर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा नमुन्यात सुमारे २० टक्के आकुंचन दाखवले. २००९ मध्ये ल्युब्लियाना येथील संशोधकांनी प्रकाशसंवेदी इलॅस्टोमरमध्ये दोन लेझर किरणांच्या व्यतिकरणाने थेट ग्रेटिंग नोंदवली.

तरीही काचेची ग्रेटिंग लगेच हद्दपार होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पट्टी काचेवर घट्ट चिकटवली तर ती आखडू शकत नाही. मोकळी ठेवली तर सपाट राखणे अवघड. जाड पट्टीत उष्णता पोहोचायला वेळ लागतो. शिवाय तापवताना ओळ मोडते आणि ग्रेटिंग अपवर्तनांकाच्या फरकावर उभी असेल तर ठिपका सरकतानाच फिका पडतो. पृष्ठभागावर उंचसखल रेषा असलेल्या ग्रेटिंगला हा त्रास कमी.

महाविद्यालयात हा इलॅस्टोमर मिळणे कठीण आहे, पण भूमितीचा भाग साध्या सिलिकॉन रबराने दाखवता येतो. कोऱ्या सीडी-आरवरील चकचकीत थर चिकटपट्टीने सोलून, डाय अल्कोहोलने धुऊन, उरलेल्या चकतीवर पारदर्शक सिलिकॉनचा पातळ थर ओतावा व घट्ट झाल्यावर काढावा. त्यावर १.६ मायक्रोमीटरच्या मार्गिका उमटतात. मार्गिका जवळपास सरळ दिसाव्यात म्हणून लहान तुकडा कापावा, लेझर स्थिर बसवावा व किरण कोणाच्याही डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नये. तुकडा मार्गिकांना काटकोनात ताणला की ठिपके मधल्या ठिपक्याकडे येतात. मार्गिकांच्या दिशेने ताणला की दूर जातात. दुसरे निरीक्षण विद्यार्थ्यांना आधी न सांगता करायला द्यावे आणि कारण विचारावे.