सापळ्यात नरच का पडतात?

गेल्या उन्हाळ्यात एका बागाईतदार बंधूंनी आम्हास फळमाशीचा सापळा उघडून दाखविला. आत मेलेल्या माश्यांचा खच पडला होता. ते खुशीत होते. मात्र त्यांनीच पुढे केलेला आंबा कापला, तर आत अळ्या! सापळा भरला तरी आंबा किडला, हे कसे?

कारण असे की, त्या खचात मादी जवळजवळ नव्हतीच. सापळ्यातील प्लायवूडच्या ठोकळ्यास मिथाईल युजेनॉल लावलेले असते आणि त्या वासाने नरच वेडावतो. हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातच या गोष्टीचा मागोवा घेतला. १९१२ साली त्याने गवती तेलाकडे नरमाश्या ओढल्या जातात असे नोंदविले, आणि १९१५ साली मिथाईल युजेनॉलचे नाव पुढे आणले. हे द्रव्य आपल्या अंगणातील तुळशीतही असते.

नराला त्याचे एवढे काय? तो ते चाटतो, पोटात त्याचे रूपांतर करून गुदाजवळच्या ग्रंथीत साठवितो आणि तिन्हीसांजेला पंख फडफडवून तो गंध मादीकडे सोडतो. ज्याने ते चाटले त्याचा संबंध अधिक वेळा जुळतो, व हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वासामागे धावणाऱ्या नरांचीच संतती वाढली. हुंड्यासाठी जीव धोक्यात घालणारा नवरदेवच म्हणा ना! सापळा नव्हता तोवर हा सौदा फायद्याचा होता. आता तोच त्याच्या जिवावर उठतो.

पण उलट बाजूही पाहावी. हवाई बेटांतील प्रयोगशाळेत वासाकडे न फिरकणाऱ्या नरांपासूनच पैदास केली, तेव्हा काही पिढ्यांत तसे नर वाढले. असा नर सापळ्यातून वाचतो, परंतु लग्नाच्या बाजारात मागे पडतो.

आता मुद्द्याचे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून निम्मे नर मारून भागत नाही, बहुतेक सर्व मारावे लागतात. १९६०च्या दशकात पॅसिफिकमधील रोटा बेटावर या उपायाने माशी समूळ नाहीशी झाली, पण ते चहूकडे पाणी असलेले बेट. आपल्या शेजारच्या बागेतून फळलेली मादी खुशाल उडून येते. त्या बंधूंनी सापळे लावले ते आंबा पाडाला आल्यावर, आणि तेही एकट्याने. फळे पक्व होण्याच्या बऱ्याच आधी, एकरी चार तरी, आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन लावावेत. नवसारी व दापोली कृषी विद्यापीठांचे सापळे चांगले आहेत. ठोकळ्यावर विषारी औषध असते, तेव्हा हात साबणाने धुवावेत व मुलांना दूर ठेवावे.

गळालेली फळे रोज वेचून खोल पुरावीत, कारण अळी तेथूनच मातीत शिरून कोष करते. हे काम सापळ्याहून कंटाळवाणे, म्हणून कोणी करीत नाही. आणि दुधी, कारली, काकडीवरची माशी निराळी. तिच्या नरास क्यू-ल्यूर लागते, आंब्याचा सापळा तेथे रिकामाच राहील.