नाळेतील रक्ताची ठेव : निवडीचे निकष

प्रसूतीनंतर वार आणि नाळ टाकून देण्याची पद्धत पूर्वापार चालत आली होती. त्यांमध्ये उरलेल्या रक्तात रक्तपेशी निर्माण करणाऱ्या मूलपेशी असतात, हे लक्षात आल्यावर वैद्यकाची दृष्टी पालटली. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक विकाराने ग्रस्त असलेल्या बालकावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताचे प्रत्यारोपण केले. हा जगातील पहिलाच प्रयोग यशस्वी ठरला. त्यानंतर असे रक्त साठविणाऱ्या पेढ्या अनेक देशांत उभ्या राहिल्या.

आज अपत्याची चाहूल लागलेल्या अनेक दांपत्यांपुढे ‘हे रक्त साठवावे काय?’ असा प्रश्न उभा राहतो. ‘पेढी’ हा शब्द ऐकला की ठेवलेली वस्तू हवी तेव्हा उपयोगी पडेल, असे आपण गृहीत धरतो. परंतु नाळरक्ताचे मोल ते साठविल्याने नव्हे, तर निवडीच्या कसोट्यांना उतरल्याने ठरते.

साठवणीपूर्वीची पारख

प्रथम मातेची संमती व कुटुंबातील आनुवंशिक आजारांची माहिती घेतली जाते. एचआयव्ही, कावीळ ब व क, उपदंश इत्यादी संसर्गांसाठी मातेच्या रक्ताची तपासणी होते. संकलित रक्तात जीवाणू नाहीत, त्यातील पेशी जिवंत आहेत आणि केंद्रकयुक्त पेशींची संख्या पुरेशी आहे, याची खात्री करून घेतली जाते. संख्या अपुरी असल्यास सार्वजनिक पेढ्या ते रक्त प्रत्यारोपणासाठी साठवीत नाहीत. निवडलेल्या रक्तातील तांबड्या पेशी व द्रव यांचा बराचसा भाग काढून, गोठताना पेशींना इजा होऊ नये म्हणून संरक्षक द्रव्य मिसळले जाते. मग ते संथ गतीने गोठवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ बांधू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यामुळे बाळाला अधिक रक्त व लोह मिळते. पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने बांधणे सर्वथा अनुचित होय.

रुग्णासाठी निवड

प्रत्यारोपणाच्या वेळी मुख्यतः दोन गोष्टी पाहतात : पेशींची मात्रा आणि ऊतींची जुळणी. सर्वसाधारणपणे रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी अपेक्षित असतात. समजा, एका पिशवीत १०० कोटी पेशी आहेत. २० किलोच्या बालकाला त्यातून किलोमागे ५ कोटी पेशी मिळतील. तीच पिशवी ६० किलोच्या प्रौढास दिल्यास हे प्रमाण जेमतेम १.६७ कोटी भरेल. म्हणूनच प्रौढांसाठी काही वेळा दोन पिशव्या वापरल्या जातात.

जुळणीसाठी एचएलए नामक ऊतिचिन्हे तपासतात. अस्थिमज्जेच्या तुलनेत नाळरक्तात थोडी विसंगती चालते, हा त्याचा मोठा गुण. मात्र जुळणी जितकी कमी, तितकी अधिक पेशींची गरज भासते. रुग्णाच्या शरीरात त्या पिशवीतील ऊतिचिन्हांविरुद्ध प्रतिपिंडे असल्यास ती पिशवी शक्यतो टाळली जाते. अखेरीस, पिशवीला जोडलेल्या लहान नळीतील रक्त तपासून ओळख व पेशींची जिवंतता यांची पुन्हा खातरजमा केली जाते.

स्वतःच्याच बाळासाठी?

थॅलेसेमियासारखा जन्मजात दोष बाळाच्या नाळरक्तातही असतो. त्यामुळे तो विकार बरा करण्यास ते रक्त उपयोगी पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भविष्यातील स्वतःच्या वापरासाठी नाळरक्त जतन करण्यास शास्त्रीय आधार नाही. याउलट, कुटुंबातील मोठे अपत्य अशा उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या विकाराने आजारी असेल, तर धाकट्याचे नाळरक्त जतन करणे उचित ठरते. सख्ख्या भावंडांची ऊतिचिन्हे पूर्णतः जुळण्याची शक्यता २५ टक्के असते.

तेव्हा करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. पेढीकडे शासकीय परवाना आहे काय? पेशी कमी भरल्यास ती तसे लेखी कळविते काय, व शुल्क परत करते काय? पेढी बंद पडल्यास साठवलेल्या रक्ताचे काय होईल? या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मागावीत. भीतीपोटी वा जाहिरातीच्या प्रभावाखाली कर्ज काढून अशी ठेव करण्याची आवश्यकता नाही. ती न करणाऱ्या मातापित्यांनी अपराधी वाटून घेण्याचेही काही कारण नाही.