डोल जाळे

खाडीत व उथळ समुद्रात भरती-ओहोटीच्या प्रवाहात स्थिर बांधण्यात येणारे शंक्वाकृती, पिशवीसारखे जाळे. मुंबई, ठाणे, रायगड व पालघर जिल्ह्यांतील कोळी लोक ते पूर्वापार वापरतात. यात मासा ओढून वा वेढून धरीत नाहीत; प्रवाहच त्याला आत आणतो. जाळ्याचे रुंद तोंड प्रवाहासमोर असून ते तळात रोवलेल्या खुंटांना दोर बांधून व तरंगत्या पिंपांच्या साहाय्याने उघडे ठेवतात. शेपटाकडे आस (छिद्रे) लहान होत जातात. शेवटच्या भागास खोला म्हणतात. प्रवाह उलटण्यापूर्वी, पाणी संथ असता, खोला नावेवर ओढून रिकामा करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मासळी चांगली मिळते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, जाळी बहुधा किनाऱ्यावर वाळत असतात.

बोंबील, मांदेली, कोळंबी व जवळा ही मुख्य मासळी होय. पूर्ण वाढलेला जवळाही जेमतेम २ ते ४ सेंमी. लांब असल्याने खोल्याची आस बारीक ठेवावी लागते व त्यात मोठ्या जातींची पिलेही सापडतात. हा या जाळ्याचा खरा दोष होय.

नवी मुंबईतील सारसोळे हे ठाणे खाडीलगतचे मच्छीमारांचे गाव आहे. सिडकोच्या (स्थापना १९७०) नगररचनेनंतर गाव व खाडी यांच्यामधून पाम बीच मार्ग गेला. भराव व गाळ यांमुळे खाडी उथळ झाली की प्रवाह मंदावतो आणि उत्तम विणलेले डोलही सैल लोंबत राहते.