पारदर्शक पट्टीची प्रतिकृती

अमेरिकेत १९८७ ते १९९४ या काळात दूरचित्रवाणीवरून दाखविल्या गेलेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या विज्ञानकथामालेत अंतराळयानाच्या संगणकातील माहिती लहान पारदर्शक पट्ट्यांत साठविलेली असते. तशी पट्टी ॲक्रिलिकच्या तुकड्यापासून करता येते. मात्र तिची सारी शोभा कडांवर अवलंबून आहे.

तुकडा कापताना करवत सावकाश चालवावी. घाई केल्यास घर्षणाने ॲक्रिलिक वितळून पात्यास चिकटते. कापलेली कड पांढुरकी दिसते, कारण खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. ती ४००, ८०० व १२०० क्रमांकांच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, क्रमाने घासावी. आधीचे ओरखडे पूर्ण नाहीसे झाल्याखेरीज पुढील कागद हाती घेऊ नये; बहुतेकांचा धीर सुटतो तो येथेच. पुसण्यासाठी स्पिरिट मुळीच वापरू नये. त्याने कापलेल्या कडेस बारीक तडे जाण्याची भीती असते, व मग सारे श्रम वाया जातात. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

नंतर मागील बाजूस टोकदार सुईने आकृती कोरावी आणि एका कडेस लहानसा एलईडी दिवा लावावा. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ असल्यामुळे आतून पृष्ठभागावर सुमारे ४२ अंशांहून अधिक कोनाने पडणारा प्रकाश बाहेर न जाता मागे परततो. कोरलेल्या रेषेपाशी मात्र त्यास वाट मिळते व ती उजळते. पूर्ण आंतरिक परावर्तन विद्यार्थ्यांस फळ्यावरील आकृतीपेक्षा येथे अधिक स्पष्ट कळते. कापणे व कोरणे शिक्षकांनी स्वतः करावे. घासण्याचे काम मुलांकडे सोपविण्यास हरकत नाही.