शिष्यवृत्तीचा अर्ज आणि पदवीपर्यंतचा प्रवास : धायरी परिसरातील वंचित विद्यार्थ्यांच्या संदर्भात

बीजशब्द : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, महाडीबीटी, नूतनीकरण, गळती, गुरू-पालक योजना

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास पुण्यातून जे निवेदन सादर केले, त्यात शिष्यवृत्त्यांविषयी एक मार्मिक आक्षेप नोंदविलेला आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत वरवर न्याय्य दिसली, तरी तिचा लाभ शिक्षणाची गोडी आधीच लागलेल्या वर्गांनाच होतो. म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या स्वतंत्रपणे द्याव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या मागणीला पुढे हळूहळू फळ आले. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली आणि १९४८ पासून अनुसूचित जमातींनाही तिचा लाभ मिळू लागला. आज या शिष्यवृत्तीसाठी कोणासही गुणांची शर्यत जिंकावी लागत नाही. पात्रता पुरेशी असते.

तथापि पात्र असणे आणि लाभार्थी होणे या दोहोंमध्ये एक अर्ज उभा असतो. कागदपत्रे जपून ठेवण्याची, मुदती पाळण्याची आणि कार्यालयात जाऊन विचारण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घरातील मुलाला हा अर्ज किरकोळ वाटतो. पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीसाठी मात्र तीच खरी प्रवेशपरीक्षा ठरते. फुल्यांनी दाखविलेली विषमता अशा रीतीने स्पर्धेतून निघून अर्जात शिरली आहे. हा अर्ज म्हणजे केवळ कार्यालयीन लिपिकाचे काम नसून अध्यापनाइतकीच ती महाविद्यालयाची शैक्षणिक जबाबदारी आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात अर्जप्रक्रियेची मांडणी केली आहे.

धायरी : एका घराची कागदपत्रे

पुणे महानगरपालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये जी अकरा गावे समाविष्ट झाली, त्यांत धायरीचा समावेश होता. गाव महानगरपालिकेत आले, तरी महसुली दृष्ट्या ते हवेली तालुक्यात मोडते. सिंहगड रस्त्यालगतच्या या परिसरात जुन्या गावठाणाबरोबरच लहान कारखाने, नव्या सोसायट्या आणि भाड्याच्या खोल्या आहेत. मराठवाडा, विदर्भ व सोलापूर भागातून कामासाठी आलेली कुटुंबे येथे राहतात. तसेच नऱ्हे-आंबेगाव भागातील महाविद्यालयांत शिकणारी बाहेरगावची मुलेही ‘कॉट बेसिस’वर येथे राहतात. शिष्यवृत्तीच्या दृष्टीने ही दोन्ही मंडळी वंचित असली, तरी त्यांच्या अडचणी अगदी वेगळ्या आहेत.

समजा, बीड जिल्ह्यातून धायरीत आलेल्या अनुसूचित जातीतील कुटुंबातील मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन शहरातील महाविद्यालयात प्रथम वर्ष कला शाखेत प्रवेश घेते. वडील वर्कशॉपमध्ये कामाला आहेत, आई घरकाम करते. उत्पन्नाचा दाखला कुटुंब सध्या जेथे राहते तेथून, म्हणजे हवेली तहसीलमधून मिळेल. जातीच्या दाखल्याचे तसे नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे दाखला सर्वसाधारणपणे वाडवडील त्या वेळी जेथे राहत होते तेथील सक्षम अधिकाऱ्याकडून काढावा लागतो. आजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात असतो आणि तो आणायचा तर वडिलांची किमान दोन दिवसांची मजुरी बुडते. मोफत शिक्षणासाठी मोजावी लागणारी ही किंमत कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेली नसते. प्रवेशाच्या खिडकीवर ‘दाखला नाही’ असे उत्तर देणाऱ्या मुलीला आळशी समजण्यापूर्वी एवढा प्रवास डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे.

व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी याखेरीज जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यास लागणारा कालावधी पाहता अकरावीतच, निदान बारावीच्या प्रारंभी, प्रस्ताव दाखल करण्यास विद्यार्थ्यांना सांगितले गेले पाहिजे. कनिष्ठ महाविद्यालय आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असूनही ही सूचना वेळेत दिली जात नाही, असे चित्र सर्रास दिसते.

अर्जाचा मार्ग

२०१७-१८ पासून महाराष्ट्रातील बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. विद्यार्थी आधार क्रमांकाच्या साह्याने नोंदणी करतो, वैयक्तिक माहिती भरतो, योजना निवडतो आणि कागदपत्रे जोडतो. अर्ज प्रथम महाविद्यालयातील लिपिकाच्या व नंतर प्राचार्यांच्या लॉगिनवर येतो आणि तेथून संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो. अनुसूचित जातींच्या योजनांसाठी हे कार्यालय समाज कल्याण विभागाच्या सहाय्यक आयुक्तांचे असते. मंजुरीनंतर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.

हा मार्ग कागदावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात अर्ज अडतात ते तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण योजना निवडण्याचे. योजनांची नावे परस्परांसारखी आहेत आणि अटी मात्र भिन्न आहेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल, तर निर्वाह भत्ता मिळत नाही. परंतु शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या योजनेचा मार्ग खुला राहतो. हे ठाऊक नसल्याने अनेक विद्यार्थी अर्जच करीत नाहीत. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून तिची मर्यादा आठ लाख रुपये आहे. तिच्यात कुटुंबातील दोन अपत्यांपुरताच लाभ मिळतो, ही अट तिसऱ्या मुलीला प्रवेशानंतर कळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. ‘मुलींचे शिक्षण मोफत झाले’ या बातमीवर विसंबून राहणाऱ्या पालकांना दोन गोष्टी स्पष्टपणे सांगाव्या लागतात : ही सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे आणि तिच्यासाठीही अर्ज भरावाच लागतो.

दुसरे ठिकाण परत आलेल्या अर्जाचे. त्रुटी आढळल्यास अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याच्या लॉगिनवर परत पाठविला जातो. घरी संगणक नाही, अर्ज नेट कॅफेत भरला, भ्रमणध्वनी क्रमांक वडिलांचा किंवा कॅफेचालकाचा दिला, पासवर्ड कोठेतरी चिठ्ठीवर लिहिला, अशा परिस्थितीत तो परत आला आहे हे विद्यार्थ्याला कळतच नाही. मुदत संपते आणि वर्ष जाते. महाविद्यालयाच्या नोंदीत मात्र ‘विद्यार्थ्याने पूर्तता केली नाही’ एवढाच शेरा उरतो. परत पाठविलेल्या अर्जांची यादी दर आठवड्याला वर्गात वाचून दाखविणे, हा यावरचा अत्यंत साधा व बिनखर्चाचा उपाय होय.

तिसरे ठिकाण बँकेचे. रक्कम विद्यार्थ्याने अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. एखाद्या मोहिमेत उघडलेले आणि नंतर विस्मृतीत गेलेले खाते नकळत आधारशी जोडलेले असू शकते. अर्ज मंजूर, रक्कम वितरित आणि विद्यार्थी मात्र ‘पैसे आले नाहीत’ असे सांगतो, तेव्हा बहुधा दोघेही खरे बोलत असतात.

रक्कम, वेळ आणि विश्वास

मार्च २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार पारंपरिक पदवी अभ्यासक्रमातील घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये भत्ता ठरविण्यात आला. ३,००० रुपये म्हणजे महिन्याला २५० रुपये. धायरीहून रोज शहरात जाणाऱ्या विद्यार्थिनीचा बसपास, झेरॉक्स आणि दुपारचा चहा एवढाच हिशेब या रकमेसमोर मांडून पाहावा. उत्पन्नमर्यादेचेही तसेच. अडीच लाखांची मर्यादा २०१३-१४ पासूनची असून ती २०२१ मध्येही कायम ठेवण्यात आली. मासिक हिशेबाने ती सुमारे २०,८३३ रुपये होते. वडील सुरक्षारक्षक आणि आई चार घरची कामे करणारी, असे शहरातील कुटुंब ती सहज ओलांडते. पण म्हणून ते संपन्न होत नाही. शहरी वंचितांच्या प्रश्नावर या मर्यादेचा जो परिणाम होतो, त्याची चर्चा अध्यापकवर्गात फारशी होत नाही.

बाहेरगावहून येऊन धायरीत खोली घेऊन राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यास पुण्यासारख्या शहरात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये देण्याची तिच्यात तरतूद करण्यात आली. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना त्याच धर्तीची आहे. स्वाधारसाठी विद्यार्थी स्थानिक रहिवासी नसावा लागतो, म्हणजे वर उल्लेखिलेली धायरीतील मुलगी तिच्या कक्षेत येत नाही. तिच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी येऊ शकते. हा भेद अन्याय्य नाही, परंतु तो समजावून सांगितला नाही तर दोघींच्याही मनात गैरसमज राहतो. या योजनेची खरी अडचण विलंबाची आहे. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे दरमहा द्यावे लागतात. हप्ता अनेकदा सत्र उलटून गेल्यावर येतो. तोपर्यंत उसनवारीवर दिवस काढणारा विद्यार्थी कामाला लागतो, तासांना गैरहजर राहतो आणि हजेरी कमी भरल्याने पुढच्या हप्त्यासच मुकतो.

शुल्काच्या बाबतीत विलंबाचा भार महाविद्यालयावरही पडतो, हे मान्य केले पाहिजे. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशी परिपत्रके शासनाने वेळोवेळी काढली आहेत. विनाअनुदानित तुकड्यांवरील अध्यापकांचे वेतन याच शुल्कातून भागते, त्यामुळे संस्थाचालकांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. २०२१-२२ पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागला आणि त्यातील शुल्काची रक्कम महाविद्यालयात भरण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर आली. घरात आजारपण असताना खात्यात एकदम आलेली रक्कम खर्च होते, हे समजण्यासारखे आहे. त्याची वसुली म्हणून गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवला, तर जिच्यासाठी योजना आखली तीच विद्यार्थिनी शिक्षणाबाहेर जाते. रक्कम जमा होण्यापूर्वीच पालकांना बोलावून, त्यातील किती घराची आणि किती महाविद्यालयाची हे कागदावर लिहून देणे, हा मार्ग अधिक मानवी आहे आणि वसुलीच्या दृष्टीनेही अधिक परिणामकारक ठरण्याजोगा आहे.

प्रवेशापलीकडे : दुसऱ्या वर्षाचा प्रश्न

शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की पदवीपर्यंत चालू राहते, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. वस्तुतः दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. प्रथम वर्षाच्या प्रवेशावेळी मार्गदर्शन कक्ष असतो, फलक असतात, स्वयंसेवक असतात. द्वितीय वर्षात हे काहीच नसते. निकाल उशिरा लागतो, गुणपत्रिका हाती नसते, एखादा विषय राहिलेला असतो, आणि त्याच सुमारास नूतनीकरणाची मुदत चालू असते. पहिल्या वर्षी मिळालेले साहाय्य दुसऱ्या वर्षी अशा प्रकारे निसटते. उत्पन्नाचा दाखला एक वर्षासाठी व तीन वर्षांसाठी असा दोन प्रकारे मिळतो. संबंधित योजनेस चालत असेल तेथे तीन वर्षांचा दाखला सुरुवातीलाच काढून घेण्यास सुचवावे.

येथे मूल्यांकनाच्या पद्धतीकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात किती टक्के विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती व शुल्कसवलत मिळाली, याची आकडेवारी मागितली गेली. ती भरण्यासाठी महाविद्यालये परिश्रमपूर्वक याद्या तयार करतात. परंतु शिष्यवृत्ती घेऊन प्रथम वर्षात आलेल्यांपैकी किती विद्यार्थी तृतीय वर्षाच्या अंतिम परीक्षेस बसले, हा प्रश्न त्या याद्यांतून सुटत नाही आणि बहुतेक महाविद्यालयांना त्याचे उत्तर तत्काळ देता येणार नाही. लाभार्थी मोजणे सोपे असते, टिकलेले विद्यार्थी मोजणे अवघड असते.

हीच नोंद संस्थेला स्वतःसाठी अनुदान मागतानाही उपयोगी पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अकराव्या व बाराव्या योजनाकाळात उपचारात्मक अध्यापन आणि समान संधी कक्ष यांसाठी महाविद्यालयांना साहाय्य मिळत असे. पंचवार्षिक योजनांची चौकट २०१७ मध्ये संपली. २०२३ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियानात समावेशन व समतेसाठी स्वतंत्र घटक आहे. अशा प्रस्तावात ‘आमच्याकडे ग्रामीण व मागास विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत’ एवढे विधान पुरत नाही. प्रवेशित किती, अर्ज केलेले किती, परत आलेले किती, नूतनीकरण झालेले किती आणि पदवी घेतलेले किती, या पाच आकड्यांची तीन वर्षांची नोंद असेल, तर गरज आपोआप सिद्ध होते.

ही नोंद ठेवण्यास नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. गुरू-पालक योजना बहुतेक महाविद्यालयांत कागदोपत्री आहेच. प्रत्येक गुरू-पालकाने आपल्या गटातील विद्यार्थ्यांचा अर्ज क्रमांक, अर्जाची सद्यःस्थिती आणि आधारशी जोडलेले खाते या तीन बाबी महिन्यातून एकदा तपासल्या, तरी वर वर्णिलेल्या अडथळ्यांपैकी पुष्कळसे वेळीच लक्षात येतील. यासाठी अध्यापकाला कार्यभारात तासिका मिळाली पाहिजे. अन्यथा हे काम दोन-चार कनवाळू शिक्षकांच्या सदिच्छेवर राहील आणि त्यांची बदली वा निवृत्ती झाली की थांबेल.

राहतो तो विलंबाच्या काळातील दैनंदिन खर्चाचा प्रश्न. पुणे विद्यापीठाच्या परंपरेत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय येथील कामातून विद्यार्थ्याला दरमहा काही रक्कम मिळू शकते. शिष्यवृत्तीचा हप्ता रखडलेल्या विद्यार्थ्यांना या योजनेत प्राधान्य दिले आणि माजी विद्यार्थी व अध्यापक यांच्या वर्गणीतून लहानसा फिरता निधी उभारला, तर हप्ता येईपर्यंतचे तीन-चार महिने निभावता येतात. निधीतून दिलेली रक्कम शिष्यवृत्ती जमा झाल्यावर परत घ्यावी, मात्र ती विनाव्याज असावी आणि तिच्यासाठी पुन्हा नवा अर्ज, नवे दाखले मागू नयेत; गुरू-पालकाची सही पुरेशी मानावी.