टेलच्या पेशींना भरलेलं पाणी

सावेडीतल्या आमच्या घरी खिडकीपाशी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, त्या दिवसांची ती खूण. दिवाळीला नातवंडं जमली की मी त्यांना हटकून एकच काचपट्टी दाखवतो: बोकडाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीची. कांद्याची साल सगळ्यांनी पाहिलेली असते, ही कुणीच पाहिलेली नसते.

ग्रंथी नेहमीच्या मुलाण्याकडून आणली होती. गुर्द्याजवळच्या चरबीत ती दडलेली असते आणि चरबीबरोबरच फेकली जाते. ताजी ग्रंथी ब्लेडने मधोमध कापली की बाहेर पिवळसर कॉर्टेक्स दिसतं आणि आत काळपट-तांबूस मेड्युला.

माणसात अशा दोन ग्रंथी मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसतात. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात त्यांचं वर्णन केलं. पुढे तीनशे वर्षं त्यांचं काम कुणाला कळलं नाही. 1855 मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसनने ग्रंथी निकामी झाल्यावर होणारा आजार मांडला आणि 1866 मध्ये आर्नोल्डने कॉर्टेक्सच्या तीन थरांना नावं दिली. इतिहास इथेच थांबवतो, कारण मला पट्टीकडे जायची घाई आहे.

सर्वांत बाहेरचा थर ग्लोमेरुलोझा. त्यातल्या पेशी गोल पुंजक्यांनी बसतात आणि अल्डोस्टेरॉन बनवून अंगातलं मीठ-पाणी सांभाळतात. सर्वांत आतला रेटिक्युलॅरिस, जाळीसारखा. या दोहोंमधला फॅसिक्युलाटा मात्र डोळे भरून पाहावा. कॉर्टेक्सचा बहुतांश भाग त्यानेच व्यापलेला असतो. पेशींच्या सरळ रांगा, दोन रांगांच्या मधून रक्ताच्या बारीक वाहिन्या. राहुरी-श्रीरामपूरकडचा सरी पाडलेला ऊस ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळं चित्र काढून दाखवायला नको.

या पेशी पट्टीवर फेसासारख्या, पोकळ दिसतात. विद्यार्थी विचारायचे, ‘सर, यात काहीच नाही का?’ खरं तर त्या चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या असतात. पट्टी तयार करताना वापरलेल्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ती चरबी विरघळून जाते आणि उरतात नुसती भोकं. तोच तुकडा गोठवून कापला आणि सुदान रंगाने रंगवला, तर थेंब लालभडक उठून दिसतात. त्यात कोलेस्टेरॉलचा साठा असतो आणि त्यापासूनच कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक तयार होतं. सगळे ज्याला शिव्या घालतात त्या कोलेस्टेरॉलचं हे काम लोकांना कळायलाच हवं, असं मला वाटतं.

आता माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट. ग्रंथीत रक्त बाहेरून येतं. तीन बाजूंच्या धमन्यांना अनेक बारीक फाटे फुटतात. बाहेर पडायची मुख्य नीला मात्र एकच, तीही मधोमध. त्यामुळे बरंचसं रक्त आधी कॉर्टेक्स ओलांडतं आणि मग मेड्युलात पोचतं. आपल्याकडे कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं पाणी येतं. इथे टेलच्या पेशींना कॉर्टिसॉलने भरलेलं रक्त मिळतं! नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचं अ‍ॅड्रिनॅलिन करणारं एन्झाइम मेड्युलात या कॉर्टिसॉलमुळेच टिकून राहतं. वर्टमन आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी 1965 मध्ये उंदरांवर हे दाखवलं. कॉर्टेक्सला कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारी पिट्युटरी ग्रंथी काढली की एन्झाइम घटतं, स्टेरॉइड दिलं की परत वाढतं. गाईबैलांच्या ग्रंथीत तर अ‍ॅड्रिनॅलिनच्या पेशी कॉर्टेक्सला लागून आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या आतल्या बाजूला असतात. हे प्रथम वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

मेड्युलाच्या पेशी मुळात मज्जासंस्थेच्या कुळातल्या, कॉर्टेक्सहून वेगळ्या. हा वेगळेपणा रंगातही दिसतो. हेन्लेने 1865 मध्ये ताजा काप पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवला, तर नेमका आतला भाग तपकिरी झाला. मी हा प्रयोग प्रयोगशाळेत हातमोजे घालून केला आहे. द्रावण विषारी आहे, घरी कुणी करू नये.

पुढे मनमाड रस्त्याने विळद घाटातल्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन मानवी ग्रंथीची पट्टीही पाहिली. तिच्या मधल्या नीलेच्या भिंतीतले स्नायूंचे जाड जुडगे पाहून तासभर तिथून हललो नाही.

हे सगळं सांगण्याला एक कारणही आहे. आमच्या ओळखीच्या एक आजी गुडघेदुखीसाठी कसल्याशा बिननावाच्या पुड्या कित्येक महिने घेत होत्या. पुड्या संपल्या आणि आठवडाभरात त्या उलट्या होऊन कोसळल्या. रक्तदाब फारच खाली गेला होता. पुडीत स्टेरॉइड असणार, असं डॉक्टर म्हणाले. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की पिट्युटरीचा हुकूम थांबतो आणि उसाच्या सऱ्यांसारखा तो फॅसिक्युलाटा सुकून बारीक होतो. ग्लोमेरुलोझा दुसऱ्या हुकमावर चालतो, म्हणून तो बराचसा टिकतो. सुकलेल्या पेशी पुन्हा भरायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात.

म्हणून कळकळीची विनंती: दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा त्वचेच्या आजारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर त्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. आणि जिच्यावर औषधाचं नाव नाही, अशी पुडी घरात आणूच नका.